शब्द बाबांचा, चूल अम्माची

माझ्या आईचा संसार एका बदकाच्या तंगडीवर अडकलाय, हे फ्रेंचमध्ये कसं सांगायचं? गाइडच्या परीक्षेत असलं काही विचारत नाहीत. राजे विचारतात, राण्या विचारतात, कुठल्या देवळाचं तोंड कुठल्या दिशेला ते विचारतात. बापाने पाहुण्यांसमोर आईला तलाकावर ठेवलं तर त्याचं भाषांतर कसं करावं, हे कोणी शिकवत नाही.

आधीपासून सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. मी नवारा, अल-काबच्या चौकीदाराची, बदावीची मुलगी. नीलच्या काठाला इस्ना आणि एदफूच्या मधे आमचं गाव आहे. गावामागे डोंगर, डोंगरात कोरलेली जुन्या सरदारांची थडगी, आणि थडग्यांची चावी माझ्या बाबांच्या कमरेला. त्या पायऱ्यांवर मी गोट्या खेळले, तिथेच वाचायला शिकले, मग लक्सरला जाऊन गाइड झाले. मोठ्या बोटी आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. चार मजल्यांच्या त्या बोटी भोंगा वाजवत सरळ एदफूला जातात, वर पोहण्याचा हौद आणि हौदाकाठी लाल झालेली माणसं. आमच्याकडे थांबतात त्या दहाबिया, दोन शिडांच्या जुन्या चालीच्या बोटी. ह्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा दहाबियावर काम मिळालं. बोटीचं नाव नसीम, इस्ना ते अस्वान, आणि दुसऱ्याच दिवशी थांबा अल-काब.

बाबांना फोनवर सांगितलं, "गुरुवारी पाहुणे घेऊन येते." ते म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवून दिला. मला वाईट वाटलं. मग कळलं की ठीक आहे म्हणणाऱ्या ह्या माणसाने एदफूच्या बाजारात भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना अडवून सांगितलं होतं, घराच्या दर्शनी भिंतीला चुना दिला होता, आणि ठेवणीतला गलाबिया, आमच्याकडचा पायघोळ झगा, इस्त्री करून आणला होता. आमच्याकडचे बाप असेच. लेकीचं कौतुक अख्ख्या जगाला सांगतील, लेकीला सोडून.

बोट काठाला लागली तेव्हा ते काठी घेऊन उभे होते, पांढरं पागोटं, मिशीला तेल. माझ्याकडे बघितलंही नाही. आमच्या बोटीचे कप्तान रईस अब्दीन, म्हातारे नूबियन गृहस्थ, त्यांना म्हणाले, "रईस, माझी मुलगी सुखरूप आणलीत."

"तीच आम्हाला घेऊन आलीय," रईस म्हणाले. "बोटीवर तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही."

मी पाहुण्यांना गोळा केलं. बेल्जियमचे आणि फ्रान्सचे डझनभर लोक, बहुतेक निवृत्त झालेले, टोप्या घातलेले. नदीकाठच्या जुन्या शहराच्या कच्च्या विटांच्या तटाकडे हात करून मी बोलायला लागले. बाबांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही. ते नुसते बघत होते. बारा गोरी माणसं मान वर करून त्यांच्या मुलीच्या तोंडाकडे बघतायत, तिने हात डावीकडे केला की डावीकडे वळतायत, तिने विनोद केला की हसतायत. मी बोलता बोलता तिरक्या नजरेने बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. मला इतका अभिमान स्वतःचा कधी वाटला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, हवाहवासा वाटला.

आणि तिथेच त्यांचा तोल गेला.

"नवारा," ते मोठ्याने म्हणाले, "तुझ्या पाहुण्यांना सांग, दुपारचं जेवण माझ्या घरी."

मी म्हटलं, "बाबा, जेवण बोटीवर असतं. दुपारी वारा धरून पुढे जायचंय."

"ह्या बोटीवरचं एकही माणूस माझ्या घरी जेवल्याशिवाय पुढे गेलं," बाबांनी काठी जमिनीवर आपटली, "तर रतीबा माझ्यावर तलाक."

रतीबा म्हणजे माझी आई. अम्मा.

आता ह्यात आमच्याकडच्या कोणाला काही वावगं वाटलं नसतं. पाहुणा म्हणतो, आत्ताच खाऊन आलो, पोटात जागा नाही. यजमान म्हणतो, छे, बसा. पाहुणा उठायला लागतो. मग यजमान बायकोच्या तलाकाची शपथ घालतो आणि पाहुणा मुकाट्याने परत बसतो, कारण एका घासापायी कोणाचं घर मोडायचं म्हणजे काय! ह्या खेळात हरायचं ते पाहुण्यानेच. बाबांनी असा खेळ जन्मभर खेळला. पशुवैद्य, नातेवाईक, रस्ता चुकलेला ट्रकवाला, सगळे आमच्या चटईवर बसून जेवून गेले. मशिदीतले शेख दर शुक्रवारी ओरडतात की ही शपथ पाप आहे, बाईचा संसार म्हणजे पणाला लावायची कवडी नव्हे, तोंडातून गेलीच तर तौबा करा आणि दहा गरिबांना जेवू घालून मोकळे व्हा. बाबा म्हणतात, "शब्द म्हणजे काय शेजारणीकडचं उसनं पीठ आहे, परत करायला?"

पण आजवर त्यांनी ही शपथ खेळ कळणाऱ्या माणसांना घातली होती. ह्या माणसांना काय कळणार? त्यांनी बाबांकडे बघून गोड हसून घेतलं, "शुक्रन, शुक्रन" असे आभार मानले, आणि तटाचे फोटो काढत चालू पडले.

बाबांचा चेहरा बघवेना.

बोटीचा मॅनेजर वाएल मागून आला. कैरोचा मुलगा, कपड्यांची घडी मोडलेली चालत नाही, पण मनाने वाईट नाही. मी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"नवारा, काठावर जेवण बंद आहे. मालकांचा नियम. मागच्या हंगामात दोन पाहुण्यांचं पोट बिघडलं आणि माझ्या आधीचा मॅनेजर घरी बसला. मला घरी बसायचं नाहीये. आणि असल्या तलाकाला अर्थ नसतो, कोर्टात तो टिकत नाही."

"कोर्ट कैरोत आहे," मी म्हटलं. "अल-काबमध्ये माझे बाबा आहेत."

"मग समजाव त्यांना."

"तू डोंगराला समजाव, मी बाबांना समजावते. बघू आधी कोण हलतं."

पाहुण्यांना सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तटाच्या सावलीत उभी राहिले आणि फ्रेंच तशी काही फार नाजूक भाषा नाही अशी मनाची समजूत घालून सगळं सांगून टाकलं. शपथ, जेवण, तलाक. लाज वाटत होती आणि राग येत होता, बाबांचा, वाएलचा, त्या टोप्यांचा. लोक आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. ओडील नावाच्या बाई होत्या, ब्रसेल्सच्या शाळेत मास्तरीण होत्या म्हणे, त्यांनी विचारलं, "म्हणजे शपथ नवऱ्याची आणि शिक्षा बायकोला?"

"हो."

"आणि त्या बाई काय म्हणतात?"

त्या बाईंना कधी कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मी म्हटलं, विचारून येते, आणि घराकडे निघाले. बाबा मागे मागे.

अम्मा अंगणातल्या भट्टीपाशी होती. शम्सीच्या भाकऱ्या उन्हात फुगून तयार, काही भाजून झालेल्या. माझ्यासाठी टोपली भरून बोटीवर पाठवायची म्हणून पहाटेपासून खपत होती. पण बातमी माझ्या आधी पोहोचलेली. आमच्या गावात बातमीला पाय नसतात, पंख असतात. अम्माने मला जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, मग हात धुतले, पुसले, आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

"अम्मा, किती वेळ लागेल?" मी विचारलं. "मी कांदा चिरते. पाहुण्यांना मी कसंही करून आणते."

"कशाला वेळ?"

"स्वयंपाकाला."

"मी नाही करणार स्वयंपाक."

बाबा दारात थबकले. अम्मा त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलत राहिली, पण आवाज त्यांच्यासाठी होता.

"शब्द ह्यांचा, चूल माझी. लोक जेवून गेले की नाव ह्यांचं, बदावीचं घर म्हणजे दिलदार घर. आणि नाही जेवले तर बोचकं बांधून घराबाहेर मी. हा कुठला न्याय ग? ह्या घरात आल्यापासून प्रत्येक पाहुण्याच्या ताटात मी माझं घर वाढलं. पाहुणा हात धुवेपर्यंत पडद्याआड उभी. खातोय ना, उठत नाही ना. त्या ट्रकवाल्याला बदक आवडत नव्हतं, आठवतं का? त्याने पहिला घास घेईपर्यंत मी किती वेळा अल्लाचं नाव घेतलं ते विचारा."

"रतीबा," बाबा म्हणाले, "शब्द निघून गेला. आता तोंड फिरवलं तर गावात काय तोंड दाखवू?"

"तुमचा शब्द गेला ना? मग तुमच्या हातांनी त्याला जेवू घाला. बदकं खुराड्यात आहेत, मुलुखियाचा पाला टोपलीत आहे, लसूण टांगलेला आहे. पाहुणे जेवले पाहिजेत एवढीच शपथ आहे. रतीबाने रांधलं पाहिजे असं काही तुम्ही म्हणाला नाहीत."

आणि खरंच, तसं ते म्हणाले नव्हते.

"आणि तू?" मी विचारलं. "तू काय करणार?"

अम्माने खुंटीवरची काळी शाल घेतली. "मी तुझ्याबरोबर येते. हे गावभर सांगत फिरतात, माझी नवारा अशी बोलते, माझी नवारा तशी बोलते. मी कधी ऐकलंय? त्या थडग्यांची चावी माझ्या घरात झोपते आणि मी अजून आत पाऊल टाकलेलं नाही. पाहुणे तिकडे असायचे तेव्हा मी इथे मसाला वाटत असायची."

बाबा तसेच उभे होते. मला वाटलं, आता काठी आपटतील आणि आणखी एक शपथ घालतील, आणि सगळंच संपेल. त्यांनी कमरेची चावी काढली, जोडीदार चौकीदाराला हाक मारून त्याच्या हातात दिली. मग इस्त्रीच्या गलाबियाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि खुराड्याकडे गेले. बदकांनी एकच कल्ला केला. खुराड्यात आजवर अम्माच हात घालायची, पण त्यांची शंका खरी होती.

परत जाऊन मी पाहुण्यांना सांगितलं की नवरा रांधतोय, बायको आपल्याबरोबर थडगं बघायला येतेय. ओडीलबाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी एकमताने ठरवलं, जेवायचं. वाएलने नियम सांगून बघितला. ते म्हणाले, साहेब, आम्ही जाणती माणसं, आमच्या पोटाचे मालक आम्हीच. "जा," वाएल म्हणाला, "पण मी परवानगी दिलेली नाही, हे सगळ्यांनी ऐकलंय. मी बोटीवरच आहे." आणि तो बोटीवर जाऊन बसला.

मी अम्माला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. पहेरी नावाच्या सरदाराचं थडगं आमच्याकडचं सगळ्यात देखणं. आत जाऊन तिने मान वर केली. भिंतभर माणसं. नांगरणारे, कापणारे, जवस झोडणारे, बैल, गाढवं, नदीवरच्या होड्या, आणि रंग अजून ओले वाटावेत असे. मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होते, आधी अम्माला आमच्या भाषेत, मग पाहुण्यांना फ्रेंचमध्ये. असं आधी कधी केलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतकं चांगलंही कधी बोलले नव्हते.

जवस झोडणारा म्हातारा दाखवला. "अम्मा, हा बढाया मारतोय, कितीही पेंढ्या आण, सगळ्या झोडून दाखवतो. आणि समोरचा गडी म्हणतोय, हात चालव टकल्या, तोंड नको चालवू. वर लिहिलंय तसं."

"असं लिहिलंय?" अम्मा जवळ गेली. "हा तर तुझा मामा."

मी ते पाहुण्यांना सांगितलं. थडगं हसण्याने भरून गेलं. चौकीदाराने आत डोकावून बघितलं.

मग मेजवानीची भिंत. नटलेल्या बायका ओळीने बसल्यात, नोकर पेले पुढे करतायत, एक बाई सांगतेय की आणखी ओत, घसा वाळल्या गवतासारखा कोरडा पडलाय. पाहुण्यांना ही बाई नेहमीच आवडते. अम्मा मात्र भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली आणि परत आली.

"सगळे बसून खातायत," ती म्हणाली. "रांधणारी कुठे आहे?"

मी शोधलं. नव्हती. मी फ्रेंचमध्ये तिचा प्रश्न सांगितला, आणि ह्या वेळी कोणी हसलं नाही. ओडीलबाई अम्माजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. अम्माने तो घेऊ दिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तू छान बोलतेस. मला वाटलं होतं हे वाढवून सांगतात. ह्यांनी कमीच सांगितलं."

बाहेर आल्यावर डोंगराच्या उतारावरून आमचं घर दिसत होतं आणि घराभोवती अख्खं गाव. बायका भिंतींवर चढून बसलेल्या. बदावी चुलीपाशी, हे बघायला कोण नाही येणार? आम्ही अंगणात पोहोचलो तेव्हा बाबांचा पांढरा गलाबिया मुलुखियाने हिरवा झालेला, पागोटं सुटून खांद्यावर, मिशीला तेलाऐवजी पीठ. शेजारची म्हातारी भिंतीवरून म्हणत होती, "बदावी, मुलुखियात लसणाची फोडणी घालताना दचकल्यासारखा श्वास आत ओढायचा असतो, नाहीतर चव येत नाही, माहितीय ना?" आणि बाबा म्हणत होते, "आजी, घेतोय तेवढा पुरे आहे, आणखी घेतला तर मरेन."

त्यांनी परात स्वतः उचलून आणली. चटईवर पाहुण्यांच्या मधोमध ठेवली. बदकं एका बाजूने जास्त भाजली होती. भाकऱ्या अम्माच्या, त्या सोन्यासारख्या. पाहुणे मांडी घालता येईना म्हणून वाकडेतिकडे बसले आणि जेवायला लागले. रईस अब्दीन आणि बोटीवरचे खलाशीही जेवले. बाबा उभेच. एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, घास गेला की नाही. तो चेहरा मी ओळखला. आजवर तो पडद्याआड असायचा, अम्माचा असायचा.

सगळे जेवले. बाबांनी मोजलं, परत मोजलं.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

"वाएल," मी म्हटलं. "तो बोटीवर आहे. तो नाही खायचा, बाबा."

बाबांनी ताट वाढलं, बदकाची तंगडी, मुलुखिया, भाकरी, वर रुमाल, आणि नदीकडे निघाले. अर्थात सगळं गाव मागे. पाहुणेही उठले. मी धावत पुढे गेले आणि वाएलला खुणेने सांगितलं, खा रे, एक घास खा. तो बोटीवर चढायच्या फळीपाशी उभा होता. कानशिलं लाल.

"बदावीकाका," तो म्हणाला, "तुम्ही मला वडिलांसारखे. पण मी खाल्लं म्हणजे मीच परवानगी दिली असं होतं. उद्या कोणाला काही झालं तर मी काय सांगू? मला माफ करा."

"पोरा, एकच घास," रईस म्हणाले. "पोटात दगड घालून ठेवलायस का?"

"रईस, तुम्ही नका मध्ये पडू."

बाबांनी ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं. ते खाली घ्यायला तयार नव्हते. नदीवर वारा सुटला होता आणि आमची गुंडाळलेली शिडं फडफडत होती. ते पुढे धरलेलं ताट बघून वाएल विरघळला. मी बघितलं ना, त्याने डोळे मिटले, हात पुढे केला आणि तंगडीला बोटं लावली.

"थांब," अम्मा म्हणाली.

ती गर्दीतून पुढे आली. बाबांच्या हातातलं ताट काढून स्वतःच्या हातात घेतलं. मी आयुष्यात तिला इतक्या पुरुषांच्या समोर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मान ताठ. शाल खांद्यावर. मला तिची भीती वाटली आणि असं वाटलं की जगातल्या सगळ्यांना हाका मारून सांगावं, ही माझी आई.

"पोरा, तू खाऊ नकोस," ती वाएलला म्हणाली. "तुला माझी दया आली म्हणून तू खाणार. कोणाच्या दयेच्या घासावर मी संसार नाही करायची."

मग बाबांकडे वळली.

"बोला, नवाराचे बाबा. ह्याने नाही खाल्लं. बोट आता निघेल. मी तुमची कोण?"

कोणीतरी "अल्ला" म्हणालं. बाबांनी गावाकडे बघितलं. मघाशी भिंतींवर बसून हसणाऱ्या बायका आता हसत नव्हत्या. एदफूच्या बाजारातला न्हावीसुद्धा आलेला होता. ज्या ज्या माणसांसमोर बाबांचा शब्द खाली पडलेला त्यांना चालला नसता, ती सगळी माणसं तिथे होती. मला त्यांच्या जिवाची घालमेल कळत होती. शब्द हीच त्यांची जमीन, तीच शेती, आणखी काय होतं त्यांच्याकडे?

"बाबा," मी म्हटलं.

बाबांनी सुटलेलं पागोटं डोक्यावरून काढून हातात घेतलं. आमच्याकडे चारचौघांत माणूस पागोटं काढत नाही.

"लोकहो, ऐका," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, मोठा. "बदावीने शब्द दिला होता. बदावी तो परत घेतोय. शेख सांगतील ते प्रायश्चित्त करीन, दहा गरिबांना जेवू घालीन, वीसांना घालीन. माझी जीभ खोटी पडली तर पडू दे. ही बाई माझी आहे. ही कोणाच्या जेवणाखाण्यावर माझी नाही. आणि आजपासून हिच्या नावाची शपथ माझ्या तोंडून कोणी ऐकली, तर त्याने माझ्या घरचं पाणी पिऊ नये."

मग शेजारची म्हातारी भिंतीवरून उतरून आली होती ती म्हणाली, "एवढं कळायला बदक मारावं लागलं का रे तुला?" आणि सगळे हसायला लागले, बाबाही हसले, पण त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. ओडीलबाई माझी बाही ओढून विचारत होत्या, काय झालं, काय म्हणाले ते. मला भाषांतर करता येईना. मी रडत होते.

अम्माने डोळ्यांच्या कडा शालीने टिपल्या, मग ताट वाएलच्या पुढे धरलं.

"घे," ती म्हणाली. "आता खा. आता हे नुसतं जेवण आहे."

वाएलने माझ्याकडे बघितलं, नदीकडे बघितलं, मालकांचा नियम ज्या दिशेला होता त्या दिशेला बघितलं. मग फळीवर खाली बसला, भाकरी मोडली, मुलुखियात बुडवली आणि खाल्ली. एक घास घेऊन थांबेल असं वाटलं होतं, पण सकाळपासून उपाशी असणार, तंगडीही संपवली.

"कशी आहे?" अम्माने विचारलं.

"मावशी, खरं सांगू?" वाएल म्हणाला. "मीठ फार पडलंय."

"पडू दे," अम्मा म्हणाली आणि गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाली, "माझ्या नवऱ्याने केलंय."